गोळी दुखण्यावर होती, दुखणं गेलं, मग मेंदू कशासाठी ओरडत होता?

तिन्हीसांज

बाबा 71 वर्षांचे आहेत. जन्मभर शाळेत गणित शिकवलं. गेल्या वर्षी त्यांना मल्टिपल मायलोमा निघाला, म्हणजे हाडांच्या मज्जेचा कॅन्सर. पाठीचे मणके इतके पोखरले गेले होते की कूस बदलतानाही त्यांच्या तोंडून आवाज निघायचा. मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या, दर चार तासांनी 10 मिलिग्रॅम. पहिले काही दिवस सतत पेंगायचे, बोलता बोलता मान खाली जायची. दहा-बारा दिवसांत ती पेंग गेली. पाच महिन्यांत गोळी 10 वरून 30 वर आली, आणि 30 घेऊनही बाबा ताठ बसून शब्दकोडं सोडवायचे.

मग रेडिएशन झालं, दहा सिटिंग. दुखणं एवढं उतरलं की आम्हाला खरं वाटेना. बाबांनी कुणाला न विचारता गोळ्या एकदम बंद केल्या. "दुखत नाही तर घ्यायची कशाला?" एवढंच म्हणाले. सोमवारी रात्री 10 वाजता शेवटची गोळी.

औषधांच्या वेळा लिहायला मी एक वही ठेवते. त्यातलं पान तसंच्या तसं उतरवते:

मंगळवार दुपारी 2: जांभया. पाच मिनिटांत 11 मोजल्या. झोप येतेय का विचारलं तर नाही म्हणाले.
संध्याकाळी 6: नाक गळतंय, डोळ्यांतून पाणी. ताप नाही.
रात्री 9: दोन्ही हातांवर काटा. पांघरूण घेतात, फेकतात, परत घेतात.
रात्री 1: पाय आपोआप झटकतायत. टाच गादीवर आपटतेय, त्यांना थांबवता येत नाही.
पहाटे 4: तिसऱ्यांदा जुलाब. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या.

बाहुल्यांचं मुद्दाम लिहिलं, कारण पाच महिने त्या सुईच्या टोकाएवढ्या असायच्या. इतक्या मोठ्या पाहून मला बाबांचे डोळे परके वाटले.

बुधवारी सकाळी भेटायला आलेल्या एका नातेवाइकांनी बाबांच्या तोंडावर म्हटलं, "म्हणजे अफूचं व्यसनच लागलं की यांना." बाबा काही बोलले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी 10 ची एक गोळी द्यायला सांगितली आणि दुपारी घेऊन या म्हणाले. पाऊण तासात पाय शांत झाले, नाक थांबलं. खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं, पण मी उलट जास्त घाबरले. एका गोळीने हे सगळं थांबतं, म्हणजे त्या नातेवाइकांचं खरं की काय? आता डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने खाली आणतायत.

बाबांचा प्रश्न शीर्षकात दिलाय, त्यांच्याच शब्दांत. मला त्याचं उत्तर देता आलं नाही आणि "शरीराला सवय झाली" एवढ्यावर त्यांचं समाधान होत नाही. सवय म्हणजे मेंदूत नक्की काय बदलतं? कुणाला माहीत असेल तर नीट सांगा, कठीण असलं तरी चालेल.

आणि हो, ड्रॉवरमध्ये 30 च्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या उरल्यात. दोन-तीन महिन्यांनी दुखणं परत आलं तर त्याच सुरू करायच्या ना?

भूलतज्ज्ञ_जुना

तीस वर्षं भूल दिली, त्यातली शेवटची बारा वेदनाशमनाच्या ओपीडीत गेली. लांबलचक लिहिणार आहे, बाबांना वाचून दाखवा.

आधी तुमचा शेवटचा प्रश्न, कारण तो थांबू शकत नाही. नाही. त्या पट्ट्या आजच ड्रॉवरमधून काढा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांकडे परत द्या. दुखणं परत आलं तर मात्रा डॉक्टरच नव्याने ठरवतील, आणि ती 30 नसेल. का, ते खाली येईलच.

आता सरांचा प्रश्न. सर, "गोळी दुखण्यावर होती" हे गृहीतकच अपुरं आहे. दुखणं कुठे आहे हे मॉर्फिनला कळत नाही. ते रक्तातून सगळीकडे जातं आणि जिथे जिथे त्याला चिकटायला जागा मिळते तिथे चिकटतं. या जागांना रिसेप्टर म्हणतात आणि मॉर्फिनचा मुख्य रिसेप्टर म्हणजे 'म्यू'. ते आहेत हे 1973 मध्ये पक्कं झालं. दोनच वर्षांनी, 1975 मध्ये, ॲबर्डीनला जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून एनकेफॅलिन वेगळं काढलं, तेव्हा कळलं की या जागा मुळात शरीराच्या स्वतःच्याच द्रव्यांसाठी आहेत. मॉर्फिन त्यात घुसतं आणि शरीराच्या द्रव्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ बसून राहतं. वेदना वाहून नेणाऱ्या वाटेवर हे रिसेप्टर आहेत, तसेच श्वासाचा ताल धरणाऱ्या पेशींवर आहेत, बाहुली लहान-मोठी करणाऱ्या यंत्रणेत आहेत, आतड्याच्या भिंतीतल्या चेतापेशींवरही आहेत.

चिकटल्यावर काय होतं? पेशी गप्प होते. पोटॅशियमची दारं उघडतात, कॅल्शियमची मिटतात, आणि पेशीच्या आत निरोप पोचवणारं सायक्लिक एएमपी नावाचं द्रव्य कमी बनतं. त्यामुळे पेशी पूर्वीसारखी पटापट ठिणग्या टाकत नाही.

पण मेंदूतली कुठलीही पेशी कुणी गप्प बसवलं म्हणून कायमची गप्प बसत नाही. तिला तिचा नेहमीचा वेग राखायचा असतो. रोज सहा वेळा दाबली गेली की ती आतून उलटा जोर लावायला लागते. रिसेप्टरचा मूळ निरोपाशी असलेला जोड सैल करते, काही रिसेप्टर पृष्ठभागावरून आत ओढून घेते, आणि सायक्लिक एएमपी बनवणारी यंत्रणा वाढवून ठेवते. काही दिवसांत, काही आठवड्यांत अशी वेळ येते की औषध पूर्ण मात्रेत आहे आणि तरीही पेशी जवळजवळ नेहमीच्या वेगाने चालतेय. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, औषध लागू पडेनासं झालं. खरं तर आत रस्सीखेच चालू आहे. दोन्ही बाजू जिवाच्या आकांताने ओढतायत आणि मधली गाठ हलत नाहीये, म्हणून सगळं शांत दिसतंय.

सोमवारी रात्री तुम्ही एका बाजूच्या माणसांना अचानक दोर सोडायला लावलात.

ही नुसती उपमा नाही, मोजलेली गोष्ट आहे. मेंदूच्या देठात, पॉन्सच्या भागात, दोन्ही बाजूंना एक इवलासा पुंजका असतो, लोकस सेरुलियस. अर्थच 'निळी जागा'. शिकत असताना मेंदूचा ताजा काप हातात धरून मी ती शोधली होती. पांढरट मांसात बोटभर खाली निळसर-करडी पुसट रेघ, जणू कुणी दौतीचं बोट टेकवलंय. एवढ्याशा जागेतल्या पेशी जवळजवळ अख्ख्या मेंदूला नॉरॲड्रेनॅलिन पुरवतात. जागं राहा, सावध हो, धोका आहे, हे त्यांचं काम. या पेशींवर म्यू रिसेप्टर खच्चून भरलेले आहेत. 1978 मध्ये जॉर्ज अघाजानियन यांनी उंदरांच्या या पेशींत सूक्ष्म इलेक्ट्रोड घालून पाहिलं. पहिल्यांदा मॉर्फिन दिलं की पेशी मंद व्हायच्या. रोज मॉर्फिन मिळालेल्या उंदरांत त्या जवळपास नेहमीच्या वेगाला परत आलेल्या असायच्या. आणि रिसेप्टरवरून मॉर्फिन हुसकावून लावणारं औषध दिलं की त्या मूळ वेगाच्या कितीतरी वर उसळायच्या.

आता तुमची वही या माहितीशेजारी ठेवा. काटा, मोठ्या बाहुल्या, पांघरूण घेणं-फेकणं, ही त्या निळ्या जागेची आणि तिच्या सोबतिणींची आरोळी आहे. (सगळा दोष तिचा नाही. मेंदूच्या मध्यभागातला राखाडी भाग आणि भीतीचं केंद्र असलेला अमिग्डाला यांचाही त्यात मोठा हात असतो.) जुलाब हे आतड्यातल्या पेशींचं तसंच उसळणं. त्याच 1978 मध्ये असंही दिसलं की क्लोनिडीन हे ब्लडप्रेशरचं जुनं औषध या पेशींना दुसऱ्या दाराने जाऊन शांत करतं, आणि आजही विदड्रॉअलमध्ये, म्हणजे औषध सुटल्यावरच्या या त्रासात, ते वापरलं जातं.

तेव्हा सर, मेंदू दुखण्यासाठी ओरडत नव्हता. गोळीसाठीही नव्हता. पाच महिने तो तुमच्या भल्याकरता दुसऱ्या बाजूने दोर ओढत उभा होता आणि समोरून दोर सुटल्यावर मागे कोसळला. 10 च्या गोळीने समोर पुन्हा कुणीतरी दोर धरला, म्हणून पाय थांबले. यात व्यसनाचा पुरावा कुठेच नाही.

एक प्रयोग मला फार प्रिय आहे, तोही सांगतो, खास त्या नातेवाइकांसाठी. 1975 मध्येच शर्मा, क्ली आणि मार्शल नीरेनबर्ग यांनी काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर मॉर्फिन टाकलं. सायक्लिक एएमपी खाली गेलं. मॉर्फिन तसंच ठेवलं, तर काही दिवसांत पातळी पूर्ववत. मग मॉर्फिन काढून घेतलं, तर पातळी पूर्वीपेक्षाही वर उसळली. बशीतल्या पेशींना ना मन, ना मोह, ना चारित्र्य. तरी सवयही दिसली आणि विदड्रॉअलही दिसला.

आता 30 च्या पट्ट्यांचं. सवय सगळीकडे सारखी होत नाही, आणि तुमच्या वहीतच ते दिसतंय. पेंग बारा दिवसांत गेली, म्हणजे तिथली सवय झटकन झाली. बाहुल्या मात्र पाच महिने सुईच्या टोकाएवढ्याच राहिल्या, म्हणजे तिथे जवळजवळ झालीच नाही. बद्धकोष्ठतेचंही तसंच, म्हणून जुलाबाची गोळी मॉर्फिनबरोबर शेवटपर्यंत चालू ठेवावी लागते. श्वासाचं केंद्र कुठेतरी मध्ये येतं. त्याला सवय होते, पण अपुरी होते. मुख्य म्हणजे औषध थांबलं की ती सवय काही दिवसांत, काही आठवड्यांत ओसरते. तीन महिन्यांनी सरांचा मेंदू जवळपास पहिल्या दिवशीसारखा असेल आणि ड्रॉवरमधली गोळी मात्र पाचव्या महिन्याची असेल. ओढणारं समोर कुणी नसताना तेवढ्याच ताकदीने दोर ओढला तर कोण पडेल? श्वास पडतो.

आणखी एक गोष्ट ओघात. 10 ची 30 झाली ती सगळी सवयीमुळे, असं धरून चालू नका. कॅन्सरमध्ये मात्रा वाढण्याचं कारण बहुतेकदा दुखणंच वाढलेलं असणं हे असतं.

पुनश्च

वर डॉक्टरांनी श्वासाचं लिहिलंय. ते माझ्यावर गुदरलंय, म्हणून लिहितो. मी आजारपणातून आलेलो नाही. मी हेरॉईन घ्यायचो, सहा वर्षं. आता नऊ वर्षं झाली, ब्युप्रेनॉर्फिनवर आहे, म्हणजे हेरॉईन सुटावं म्हणून डॉक्टर देतात त्या औषधावर.

तीन महिने केंद्रात राहून बाहेर पडलो. अंग स्वच्छ, वजन वाढलेलं, डोकं ताळ्यावर. पाचव्या दिवशी जुन्या मित्राची गाठ पडली. मी मनाशी हिशेब केला की इतके दिवस गॅप आहे, तर निम्मंच घेऊ. निम्मं. त्यानंतरचं मला आठवत नाही. मित्राने सांगितलं की ओठ निळे पडले होते, घोरल्यासारखा एक आवाज यायचा आणि मग बराच वेळ काहीच नाही. त्याने पळ काढला नाही, गाडीत घालून दवाखान्यात नेलं. तिथे नालोक्सोन टोचलं, म्हणजे हेरॉईनचा उतारा. डोळे उघडले ते थेट विदड्रॉअलमध्ये, उलटी, थरथर, आणि मी त्या नर्सताईंवर ओरडलो. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. म्हणाल्या, "बसून राहा. हे इंजेक्शन तासाभरात उतरेल आणि तुमचं ते अजून आत आहे." आणि खरंच तासाभराने मला परत पेंग आली, श्वास परत मंदावला, दुसरा डोस द्यावा लागला. मी त्यांचं ऐकलं नसतं आणि उठून घरी गेलो असतो तर वाटेतच संपलो असतो.

केंद्रात आम्हाला इच्छाशक्तीवर तासन् तास व्याख्यानं ऐकवली. तीन महिन्यांनी तुमचं शरीर नवशिक्याचं झालेलं असेल, एवढं एक वाक्य कुणी सांगितलं नाही. मला त्याचा अजून राग आहे.

दुसरं, ताई, तुमच्या बाबांना एकदम बंद केल्यावर तेवढे दोन दिवस झालं आणि संपलं. माझं तसं नव्हतं. अंगातलं सगळं निघून गेल्यावरही, ज्या इमारतीत माल मिळायचा तिचा जिना दिसला की मला जांभया सुरू व्हायच्या. नाक गळायचं. महिने उलटून गेलेले, रक्तात थेंब नाही, आणि जिन्याच्या दुसऱ्या वळणावर अंगावर काटा. मला वाटायचं मी वेडा झालो. यात मेंदूचं काय असतं, डॉक्टर?

भूलतज्ज्ञ_जुना

पुनश्च, तुम्ही लिहिलंत ते पुष्कळांच्या उपयोगी पडेल. आणि तो राग अगदी रास्त आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातून तुरुंगाबाहेर पडलेल्यांचा एक अभ्यास 2007 मध्ये आला होता. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांचा ड्रग्जच्या अतिमात्रेने मृत्यू होण्याचा धोका इतर नागरिकांच्या 129 पट होता. केंद्रातून बाहेर पडतानाही तोच धोका असतो. दाराशी सांगायचं वाक्य तेच आहे, जे तुम्हाला कुणी सांगितलं नाही.

जिन्याबद्दल. तुम्ही वेडे नव्हता. केंटकीतल्या लेक्झिंग्टनच्या रुग्णालयात अब्राहम विकलर यांनी 1940 च्या दशकातच हे टिपलं होतं. कित्येक महिने औषधापासून दूर असलेले रुग्ण गटात बसून जुन्या दिवसांबद्दल बोलायला लागले की जांभया द्यायचे, त्यांचे डोळे पाणवायचे, नाक गळायचं. रस्सीखेचेत उलटा जोर लावणारी बाजू फक्त औषध आल्यावर कामाला लागत नाही, औषध येणार याची चाहूल लागली की आधीच कमरेला दोर बांधून उभी राहते. जिना दिसला, मेंदूने दोर ओढला, पण समोरून औषध आलंच नाही. मग उरतो तो नुसता उलटा जोर, म्हणजे विदड्रॉअल.

याची दुसरी बाजू भयानक आहे. शेपर्ड सीगल आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये उंदरांना एका ठरावीक खोलीत हेरॉईनची सवय लावली आणि मग मोठी मात्रा दिली. ज्यांना कधीच हेरॉईन मिळालं नव्हतं, त्यांतले 96 टक्के मेले. सवयीच्या खोलीत मात्रा मिळालेल्यांतले 32 टक्के. आणि तेवढीच सवय असलेल्या, पण अनोळखी खोलीत मात्रा मिळालेल्या उंदरांतले 64 टक्के. औषध तेच, मात्रा तीच, फक्त भिंती बदलल्या आणि मरणारे दुप्पट झाले. सवयीचा मोठा हिस्सा शिकलेला असतो, जागेशी, वासाशी, वेळेशी बांधलेला. त्या दिवशी मित्राची जागा तुमच्या नेहमीची होती की नवी, ते आठवून पाहा.

पुनश्च

नवी होती. तो मधल्या काळात घर बदलून गेला होता.

उंबरठा

मला माहिती काही द्यायची नाही. माझ्या आईला शेवटच्या सहा आठवड्यांत मॉर्फिन लिहून दिलं होतं. घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं की नको, सवय लागेल. त्या बैठकीत मीही होते आणि मीही मान हलवली. आई रात्री उशीचा कोपरा दातांत धरायची, आम्हाला आवाज जाऊ नये म्हणून. नंतर तिची उशी धुवायला घेतली तेव्हा कोपऱ्यावर दातांच्या खुणा होत्या. तिन्हीसांज, तुम्ही बाबांना गोळी दिलीत, अगदी बरोबर केलंत.

तिन्हीसांज

उंबरठा, तुमचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. लिहिलंत त्याबद्दल आभार, दुसरं काय म्हणू.

डॉक्टर, बाबांना सगळं वाचून दाखवलं. बशीतल्या पेशींचं दोनदा वाचायला लावलं. आणखी दोन गोष्टी विचारते. सवय, अवलंबित्व आणि व्यसन यांत मेंदूच्या पातळीवर खरोखर फरक आहे, की रुग्णाला बरं वाटावं म्हणून आपण वेगळे शब्द वापरतो? बाबांनी हे विचारलंय, आणि खरं तेच सांगा म्हणालेत. दुसरं, मी कुठेतरी वाचलं की मॉर्फिनने मेंदू आकसतो. ते खरं आहे का?

भूलतज्ज्ञ_जुना

सर, फरक खरा आहे, आणि जागेचाही आहे.

आतापर्यंत आपण बोललो ते मुख्यतः मेंदूच्या देठाबद्दल आणि आतड्याबद्दल. व्यसनाचं मूळ थोडं वर, मध्यमेंदूत आहे. तिथे डोपामीन सोडणाऱ्या पेशींचा गट असतो आणि त्यांच्यावर सतत लगाम ठेवणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात. म्यू रिसेप्टर लगाम धरणाऱ्या पेशींवर आहेत. मॉर्फिन किंवा हेरॉईन त्यांना गप्प करतं, लगाम सुटतो आणि डोपामीन उधळतं. जॉन्सन आणि नॉर्थ यांनी 1992 मध्ये हे उंदरांच्या मेंदूच्या कापांवर दाखवलं. डोपामीन म्हणजे सुख, असं सरसकट लिहितात, पण त्याचं काम जास्त करून "हे लक्षात ठेव, हे पुन्हा कर" असं सांगण्याचं आहे. ते पुन्हा पुन्हा उधळलं की जिना, मित्राचा आवाज, खिशातल्या नोटा, सगळ्याला अर्थ चिकटतो. पुढे उलटा जोर इथेही लागतो. नुसतं जगणं बेचव होतं, अमिग्डालाच्या परिसरातली ताणाची यंत्रणा कायम तापलेली राहते, आणि माणूस आनंदासाठी घ्यायचं सोडून ते ओझं उतरवण्यापुरतं घेऊ लागतो. कपाळामागचा भाग, जो "नको" म्हणतो, त्याचा आवाज क्षीण होतो.

तेव्हा अवलंबित्व आणि व्यसन एकाच माणसात असू शकतात, आणि वेगवेगळेही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013 च्या निदानपुस्तिकेत तर स्पष्ट लिहिलंय की डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध घेणाऱ्याच्या बाबतीत सवय आणि विदड्रॉअल ही दोन लक्षणं व्यसनाच्या मोजणीत धरायची नाहीत. मोजायचं ते वागणं. औषधापायी बाकीचं आयुष्य बाजूला पडतंय का, नुकसान दिसत असूनही घेणं थांबत नाहीये का, मिळवण्याच्या खटपटीत दिवस जातोय का. सर, तुम्ही दुखणं थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी गोळ्या स्वतःहून बंद केल्यात. चुकीच्या पद्धतीने केल्यात, पण बंद केल्यात.

खरं तेच सांगा म्हणालात, म्हणून हेही सांगतो. दुखण्यासाठी घेणाऱ्याला व्यसन कधीच लागत नाही, असं मी म्हणणार नाही. लागलेले मी पाहिलेत. दुखणं नसताना मन उदास आहे म्हणून गोळी हवीशी वाटली, वेळेआधी घ्यावीशी वाटली, किती घेतल्या हे मुलीपासून लपवावंसं वाटलं, तर ते त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं. त्यात लाज नाही.

मेंदू आकसण्याचं. तुम्ही वाचलंत ते बहुधा 2011 च्या अभ्यासावरून असावं. पाठदुखीच्या दहा रुग्णांना महिनाभर रोज मॉर्फिन देऊन आधी आणि नंतर एमआरआय काढले होते. काही भागांत करडा पदार्थ कमी झालेला दिसला, त्यात उजवा अमिग्डाला होता, आणि काही भागांत वाढलेलाही दिसला. औषध थांबल्यावर सरासरी पाचेक महिन्यांनी पाहिलं तरी पुष्कळसे बदल टिकून होते. म्हणजे मेंदू बदलतो हे नक्की, आणि महिनाभरातच बदलतो. पण रुग्ण दहाच होते, आणि आकार बदलला म्हणजे काम बिघडलं असं त्यातून सिद्ध होत नाही. सरांचं शब्दकोडं सुटतंय ना, ते त्या चित्रापेक्षा जास्त बोलकं आहे.

पुनश्च, तुमच्या ब्युप्रेनॉर्फिनबद्दल दोन ओळी, कारण "एक सोडून दुसरं धरलं" असं तुम्हाला कुणीतरी नक्कीच ऐकवलं असेल. ते म्यू रिसेप्टरला मॉर्फिन किंवा हेरॉईनपेक्षा खूप घट्ट धरतं, पण त्याला अर्धवटच चालू करतं. 16 मिलिग्रॅमवर साधारण 80 टक्के रिसेप्टर त्याच्या ताब्यात असल्याचं मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलंय. दोर कायम सारख्याच ताणात धरलेला, ना झटका ना सुटका. दिवसातून चार वेळा वर-खाली होणारा मेंदू एका पातळीवर स्थिर राहतो, आणि कुणी हेरॉईन दिलंच तर त्याला बसायला जागा फारशी उरत नाही.

पुनश्च

ऐकवलंय. माझ्या लग्नाच्या बैठकीत ऐकवलंय. हे छापून पाकिटात ठेवतो.

तिन्हीसांज

शेवटचं कळवते. मात्रा आता 5 वर आली आहे, तीही दिवसातून तीनदाच. 30 च्या गोळ्या मोजून परत केल्या, 17 होत्या. डॉक्टरांनी रजिस्टरमध्ये नोंद करून माझी सही घेतली.

काल मात्रा उतरवल्यावर संध्याकाळी थोड्या जांभया आल्या, पाच मिनिटांत दोन. बाबांनी माझ्याकडून वही मागून घेतली आणि शेवटच्या पानावर आलेख काढला. आडव्या अक्षावर आठवडे. एक रेघ गोळीची, पायऱ्या पायऱ्यांनी उतरत जाणारी. दुसरी रेघ तुटक, मेंदूच्या उलट्या जोराची, गोल वळण घेत तिच्या थोडी मागून उतरणारी. प्रत्येक पायरीपाशी दोन रेघांमध्ये एक बारीक फट राहते, ती त्यांनी पेन्सिलने भरून काढली आणि शेजारी लिहिलं, "या माझ्या जांभया."

सोमवारच्या रात्रीसाठी त्यांनी वेगळी आकृती काढलीय. तिच्यात गोळीची रेघ सरळ खाली शून्यावर येते, आणि फट एवढी मोठी आहे की ती भरायला पेन्सिल आडवी धरावी लागली. त्या नातेवाइकांना बाबांनी रविवारी बोलावलंय. वही टेबलावर काढून ठेवलीय.